गेम इंजिन चालवणाऱ्या एआय एजंटसाठी डॉक्युमेंटेशन कसं लिहावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोडो या गेम इंजिनाचा एडिटर बाहेरून चालवणारं एक टूल तयार आहे. सीन (गेमचा एक भाग) उघडणं, त्यात नोड (सीनचा एकेक घटक) जोडणं, प्रॉपर्टी बदलणं, गेम रन करणं, लॉग वाचणं अशा चाळीसेक कमांड त्यात आहेत आणि एमसीपी (एआयला बाहेरची टूल जोडून देणारा प्रोटोकॉल) सर्व्हरमार्फत त्या एआय एजंटला मिळतात. रीडमी व्यवस्थित आहे, माणसं ते वाचून टूल वापरतात. एजंट मात्र कमांड बरोबर निवडूनही काम अर्धवट सोडतो आणि ‘झालं’ म्हणून कळवतो. तर एजंटसाठी वेगळं डॉक्युमेंटेशन लिहावं का, आणि लिहायचं तर त्यात काय असावं?

हो, वेगळं लिहावं. इंजिनांच्या एडिटरला जोडलेली टूल बनवणं आणि त्यांचं डॉक्युमेंटेशन सांभाळणं हेच माझं रोजचं काम आहे, आणि त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे: एजंट कमांड फारशी चुकवत नाही, तो अवस्था चुकवतो. ‘ॲड_नोड’ नोड जोडते हे त्याला नावावरूनच कळतं. ती चालल्यावर एडिटरच्या मेमरीत काय बदललं, डिस्कवर काय बदललं, काय अजून बदलायचं राहिलंय आणि याची खात्री कुठे बघून करायची, हे मात्र कोणी सांगितल्याशिवाय कळायला त्याला मार्ग नाही. डॉक्युमेंटेशन यासाठी लिहायचं.

माणसांच्या रीडमीत हे येत नाही, कारण माणसाला स्क्रीन दिसते. सीनच्या टॅबवर नावाशेजारी चांदणी दिसली की सेव्ह करायचं राहिलंय हे समजतं. कॅरेक्टरबॉडी२डी नोडला कोलिजनशेप दिलेला नसेल तर सीन ट्रीमध्ये पिवळा त्रिकोण येतो. आउटपुट पॅनेलमध्ये लाल ओळ उमटते. लिहिणारा या सगळ्या खुणा नकळत गृहीत धरतो आणि ‘आता नोड जोडा, मग शेप द्या’ एवढं लिहून पुढे जातो. एजंटला यातलं काही दिसत नाही. त्याच्यापर्यंत फक्त कमांडचं उत्तर पोचतं, आणि ते ‘सक्सेस: ट्रू’ असेल तर पुढे जाण्यात त्याचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

एक उदाहरण जवळून बघू. गोडोमध्ये एडिटरच्या आत चालणाऱ्या कोडमधून ॲड_चाइल्ड वापरून नोड जोडला, पण त्याची ओनर ही प्रॉपर्टी सीनच्या रूटला (सगळ्यात वरच्या नोडला) सेट केली नाही, तर नोड मेमरीत असतो. पण सीन डॉकमध्ये दिसत नाही आणि सेव्ह करताना फाइलमध्ये लिहिला जात नाही. आता एजंटच्या बाजूने बघा. ॲड_नोड: ट्रू. सेट_प्रॉपर्टी: ट्रू. सेव्ह_सीन: ट्रू. एजंट सांगतो की प्लेयर तयार आहे. सीन बंद करून परत उघडला की तिथे काहीच नाही. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी होती, तरी काम झालेलं नाही.

इथे पहिली दुरुस्ती टूलमध्ये करायची: ओनर प्रत्येक वेळी टूलनेच सेट करावा, एजंटवर सोडू नये. जी गोष्ट कोडमध्ये कायमची मिटवता येते ती डॉक्युमेंटेशनमध्ये सूचना म्हणून लिहू नये. दुसरी दुरुस्ती वर्णनाची. बहुतेक टूलमध्ये या कमांडचं वर्णन एका ओळीचं असतं: ‘सीनमध्ये नवीन नोड जोडते.’ त्याऐवजी मी असं लिहीन:

‘सध्या उघडलेल्या सीनमध्ये नोड जोडते आणि त्याचा ओनर सीनच्या रूटला सेट करते. बदल फक्त एडिटरच्या मेमरीत होतो. फाइलमध्ये जायला सेव्ह_सीन लागते. पॅरेंट_पाथ सीनच्या रूटपासून लिहा: रूटसाठी एक टिंब, आतल्या नोडसाठी प्लेयर/स्प्राइट. सुरुवातीला /रूट लावू नका. त्या नावाचा नोड तिथे आधीच असेल तर इंजिन नाव बदलतं, म्हणून पुढच्या कमांडमध्ये उत्तरात आलेलाच पाथ वापरा. उत्तरात कॉन्फिगरेशन वॉर्निंगची यादी येते. ती रिकामी नसेल तर नोड अजून अपुरा आहे.’

यातलं प्रत्येक वाक्य एकेका ठरावीक फसगतीसाठी आहे. पाथचंच घ्या. गोडोचा एडिटर हा स्वतः गोडोमध्येच लिहिलेला प्रोग्रॅम आहे, त्यामुळे तुम्ही एडिट करत असलेला सीन एडिटरच्या स्वतःच्या झाडात खूप खोल कुठेतरी टांगलेला असतो. चालू गेममधल्या कोडची जी उदाहरणं सगळीकडे सापडतात त्यांत /रूट/मेन असा पाथ असतो, आणि एजंट सवयीने तोच देतो. नावाचंही तसंच. एकाच पॅरेंटखाली दोन नोडना एक नाव चालत नाही, म्हणून इंजिन मुकाट्याने प्लेयर२ किंवा ॲटची चिन्हं असलेलं काहीतरी नाव देतं. एजंट मात्र ‘प्लेयर’ समजून पुढच्या सगळ्या प्रॉपर्टी जुन्या नोडवर लावत सुटतो. आणि शेवटचं वाक्य म्हणजे तो पिवळा त्रिकोण, शब्दांत आणलेला. नोडच्या वॉर्निंग टूलला मिळवता येत असतील, तर त्या उत्तरात न देण्याला काही कारण उरत नाही.

उत्तरांबद्दल अजून थोडं, कारण एजंट डॉक्युमेंटेशन एकदा वाचतो पण उत्तरं पावलोपावली वाचतो. आलेल्या विनंतीचीच नक्कल उत्तर म्हणून परत देऊ नका. काम झाल्यावर इंजिनाला पुन्हा विचारा आणि ते जे सांगेल ते द्या. गोडोमध्ये ऑब्जेक्टच्या सेट मेथडला अस्तित्वात नसलेली प्रॉपर्टी दिली, किंवा प्रकार न जुळणारी व्हॅल्यू दिली, तर एरर येत नाही. काहीही घडत नाही, इतकंच. तुमची सेट_प्रॉपर्टी कमांड त्यावर ट्रू म्हणत असेल तर टूल खोटं बोलतंय, आणि वर्णनाची चार पानं लिहूनही ते खोटं झाकलं जाणार नाही. सेट केल्यावर व्हॅल्यू परत वाचा, जुनी आणि नवी दोन्ही उत्तरात द्या, आणि वर्णनात लिहा: ‘उत्तरातली नवी व्हॅल्यू मागितलेल्या व्हॅल्यूशी जुळत नसेल तर प्रॉपर्टीचं नाव किंवा प्रकार चुकला आहे.’

एरर मेसेजला मी डॉक्युमेंटेशनचाच भाग मानतो, आणि तोही सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो बरोबर गरजेच्या क्षणी समोर येतो. ‘इनव्हॅलिड नोड पाथ’ एवढंच मिळालं तर एजंट अंदाजाने दुसरा पाथ देतो, मग तिसरा. त्याऐवजी असं यावं: ‘प्लेअर/स्प्राइट हा नोड उघडलेल्या सीनमध्ये नाही. उघडलेला सीन: लेव्हल१. रूटखालचे नोड: प्लेयर, ग्राउंड, कॅमेरा. पूर्ण झाडासाठी गेट_सीन_ट्री वापरा.’ एजंटने प्लेअर लिहिलं होतं आणि नोड प्लेयर आहे, हे त्याला तिथल्या तिथे दिसतं आणि पुढच्या पावलाला काम मार्गी लागतं. एमसीपी वापरणाऱ्यांनी इथे आणखी एक पथ्य पाळावं: टूलच्या आत झालेली चूक निकालातच, ‘इज-एरर’ ही खूण लावून परत द्यायची. ती प्रोटोकॉलच्या पातळीवरची एरर म्हणून फेकली तर मॉडेलपर्यंत मजकूर पोचेलच असं नाही, आणि इतक्या मेहनतीने लिहिलेला मेसेज वाया जातो.

आता एजंटसाठीच्या मार्गदर्शिकेकडे येऊ, म्हणजे वर्णनांपलीकडचा जो स्वतंत्र मजकूर तुम्ही लिहाल तो. त्याच्या अगदी वरच्या दहा ओळींत एका प्रश्नाचं उत्तर हवंच: फाइल कोण लिहितो? बहुतेक एजंटकडे तुमच्या टूलव्यतिरिक्त थेट फाइल लिहिण्याची सोयही असते. गोडोचे सीन टेक्स्ट फाइलमध्ये असतात, त्यामुळे एजंटला ते सरळ उघडून बदलण्याचा मोह होतोच. अनरियल या दुसऱ्या इंजिनात ॲसेट (गेमच्या साहित्याच्या फाइली) बायनरी असल्यामुळे हा मोह आपोआप टळतो. युनिटी या आणखी एका इंजिनात सीन टेक्स्ट स्वरूपात ठेवलेले असतील तर तो तिथेही आहे. सीन एडिटरमध्ये उघडा असताना एजंटने बाहेरून फाइल बदलली, तर एडिटरकडे स्वतःची वेगळी प्रत असते. एक तर ‘डिस्कवरची फाइल नवी आहे, रीलोड करू का’ असा डायलॉग येऊन थांबतो आणि तो एजंटला दिसत नाही, किंवा पुढच्या सेव्हला एडिटरची प्रत एजंटच्या बदलांवर लिहिली जाते. म्हणून नियम स्पष्ट लिहा: उघडलेला सीन फक्त टूलच्या कमांडमधून बदला, बंद असलेल्या सीनची फाइल थेट बदलली तर त्यानंतर फाइल सिस्टीम पुन्हा स्कॅन करणारी कमांड चालवा, स्क्रिप्ट मात्र थेट लिहायला हरकत नाही.

आणि नियमासोबत कारण लिहा. ‘एडिटरकडे उघडलेल्या सीनची स्वतःची प्रत असते’ हे एक वाक्य जोडलं की इन्स्पेक्टरमध्ये उघडलेल्या रिसोर्स फाइललाही हेच लागू होणार हे एजंट स्वतःहून ओळखतो, तुम्ही त्या फाइलचा उल्लेख केलेला नसला तरी. कारण नसलेला नियम तो जेवढ्यास तेवढा पाळतो, आणि जरा वेगळी परिस्थिती आली की सोडून देतो.

इम्पोर्टचा विषय याच गटातला. एजंटने प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये पीएनजी ठेवली म्हणजे इंजिनाला ती टेक्स्चर म्हणून मिळाली असं नाही. आधी इम्पोर्ट व्हावं लागतं. एडिटर उघडा असेल तर स्कॅन केल्यावर ते होतं. हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडता, चालवत असाल तर गोडो ४.३ पासून त्यासाठी वेगळा ‘इम्पोर्ट’ हा कमांड लाइन पर्याय आहे. इम्पोर्ट केलेल्या फाइली ज्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात तो सहसा गिटमध्ये ठेवत नाहीत, म्हणून नव्याने क्लोन केलेल्या प्रोजेक्टमध्ये हे पाऊल आधी घ्यावंच लागतं. दोन ओळींत हे लिहून टाका.

आवृत्तीचा प्रश्न जास्त त्रासदायक आहे. गोडो ४.० मार्च २०२३ मध्ये आलं आणि त्याने ३ मधली असंख्य नावं बदलली. मॉडेल ज्या मजकुरावर शिकली त्यात दोन्ही आवृत्त्यांचा कोड मिसळलेला आहे, त्यामुळे एजंट एकाच स्क्रिप्टमध्ये दोन्हीकडचं लिहून मोकळा होतो. ‘आम्ही गोडो ४ वापरतो’ असं सांगून हे थांबत नाही. जुन्या-नव्याची जोडी समोर ठेवावी लागते: कायनेमॅटिकबॉडी२डीच्या जागी कॅरेक्टरबॉडी२डी, यील्डच्या जागी अवेट, इन्स्टन्सच्या जागी इन्स्टॅन्शिएट, एक्सपोर्ट आणि ऑनरेडीच्या आधी ॲट चिन्ह, स्पेशियलच्या जागी नोड३डी, मूव्ह_अँड_स्लाईडला आता वेग आत द्यायचा नाही, तो व्हेलॉसिटी या प्रॉपर्टीत आधी ठेवायचा. ४.३ पासून टाइलमॅपऐवजी टाइलमॅपलेयर. पूर्ण यादी देण्याच्या भानगडीत पडू नका. तुमच्या प्रकारच्या गेममध्ये जी पंधरा-वीस नावं खरोखर लागतात तेवढीच पुरेत. आणि आवृत्तीचा आकडा मजकुरात गोठवून ठेवण्यापेक्षा तो टूलकडूनच कळू दे, म्हणजे इंजिन अपडेट झालं की डॉक्युमेंटेशन जुनं पडत नाही.

एककं आणि दिशा यांची हयगय तर अजिबात करू नका, कारण त्यातल्या चुकांना एरर येत नाही. गोडोच्या २डी मध्ये वाय अक्ष खाली वाढतो, म्हणून वर उडी मारायला वेग ऋण लागतो. युनिटीत एक युनिट साधारण एक मीटर आणि वाय वर. अनरियलमध्ये एक युनिट एक सेंटिमीटर आणि झेड वर. एजंटला हे तिन्ही माहीत असतं, गोंधळ होतो तो नेमकं कुठलं लावायचं याचा. गोडोच्या इन्स्पेक्टरमध्ये रोटेशन अंशांत दिसतं, पण कोडमधली रोटेशन ही प्रॉपर्टी रेडियनमध्ये असते. एजंटने तिथे ९० दिलं तर वस्तू चौदा पूर्ण फेऱ्या घेऊन वर सुमारे ११७ अंशांवर थांबते. कुठेही तक्रार नाही, वस्तू नुसती तिरकी उभी. म्हणून कमांडच्या स्कीमामध्ये (तिच्या पॅरामीटरच्या व्याख्येत) प्रत्येक संख्येच्या वर्णनात एकक लिहा: ‘रेडियन, अंश द्यायचे असतील तर रोटेशन_डिग्रीज वापरा’, ‘पिक्सेल, वाय खाली धन’. आणि पॅरामीटरची नावं इंजिनाचीच ठेवा. इंजिन पोझिशन म्हणत असेल तर तुमच्या टूलने लोकेशन म्हणू नये. एजंटला इंजिनाचं जे ज्ञान आधीच आहे ते फुकट मिळतंय, ते घालवू नका.

पूर्ण उदाहरणं द्या, पण मोजकी, आणि त्यांत निकाल काय यायला हवा तोही आकड्यांत लिहा. उदाहरणातल्या व्हॅल्यू एजंट जशाच्या तशा उचलतो हे लक्षात ठेवून त्या निवडा. उदाहरणात पोझिशन १००, २०० असेल तर कित्येक गेममधली पहिली वस्तू १००, २०० वरच सापडेल. निकालाच्या आकड्यांचं मोल मात्र फार आहे. समजा काम आहे चालणारा आणि उडी मारणारा प्लेयर. गोडोच्या तयार टेम्प्लेटमध्ये उडीचा वेग उणे ४०० असतो आणि २डी मधलं मूळ गुरुत्वाकर्षण ९८०. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाकर्षणाची दुप्पट, म्हणजे उडी साधारण ८२ पिक्सेल उंच. प्रत्यक्षात हिशोब सेकंदाला ६० टप्प्यांत होतो, त्यामुळे उंची तीनेक पिक्सेल जास्त भरते. मग मार्गदर्शिकेत लिहायचं:

‘गेम रन करा, जंप ही ॲक्शन पाठवा आणि प्लेयरची वाय पोझिशन दर फ्रेमला वाचा. सगळ्यात लहान आकडा सुरुवातीपेक्षा ७८ ते ९० ने कमी असायला हवा. आकडा बदललाच नाही तर इनपुट पोचलेला नाही किंवा प्लेयरला जमिनीवर असल्याचं कळत नाही. आकडा वाढतच राहिला तर प्लेयर जमिनीतून खाली जातोय. दोन्हीकडचे कोलिजनशेप आणि त्यांतला शेप रिसोर्स तपासा.’

एवढा परिच्छेद हाताशी असला की एजंट स्क्रीन न बघता स्वतःची चूक स्वतः शोधतो. माझ्या मते सगळ्या मार्गदर्शिकेत सर्वांत जास्त मेहनत इथे घ्यावी. दृश्य बघून जे ठरतं त्यातलं बरंच काही आकड्यांत उतरवता येतं: कॅमेऱ्याच्या चौकटीत वस्तू आहे का, दोन बटणं एकमेकांवर चढली आहेत का, लेबलचा मजकूर त्याच्या चौकटीत मावतो का. जे उतरत नाही त्याला स्क्रीनशॉट. पण हेडलेस चालवताना गोडो काहीच रंगवत नाही, युनिटीत नोग्राफिक्स लावल्यावरही तेच. तेव्हा स्क्रीनशॉटची कमांड कुठल्या स्थितीत चालते हे तिच्या वर्णनात पहिल्याच वाक्यात हवं. नाहीतर रिकामी इमेज बघून एजंट चांगला चाललेला सीन मोडत बसतो.

वाट बघण्याबद्दलही लिहावं लागतं, आणि ते हमखास राहून जातं. तुमचं टूल गोडोचं आहे, पण युनिटीसाठी असं टूल करणाऱ्यांना हे जास्त भोवतं: स्क्रिप्ट बदलली की युनिटी कोड कंपाइल करतं आणि डोमेन रीलोड होतं, म्हणजे एडिटरमधला कोड नव्याने लोड होतो, त्यात एडिटरच्या आत चालणारा तुमचा सर्व्हरही खाली बसतो आणि कनेक्शन तुटतं. एजंटला वाटतं बिघाड झाला; तो तीच कमांड परत पाठवतो, किंवा ‘बिघडलेली’ स्क्रिप्ट दुरुस्त करायला घेतो आणि पुन्हा रीलोड सुरू होतं. ‘स्क्रिप्ट लिहिल्यावर कनेक्शन तुटणं अपेक्षित आहे, परत जोडलं गेलं की आधी कंपाइलच्या एरर वाचा, मग पुढे जा’ या एका वाक्याने हे चक्र थांबतं. तुमच्याकडे एक्सपोर्ट किंवा लाइट बेकिंगसारखी लांबणारी कामं असतील तर त्या कमांडने लगेच कामाचा क्रमांक परत द्यावा आणि स्थिती विचारणारी वेगळी कमांड असावी. वर्णनात त्या दोघींचा एकमेकींकडे निर्देश असावा.

आता किती लिहायचं आणि कुठे. एमसीपी नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं आणि त्यात मजकूर ठेवायला अनेक जागा आहेत, पण त्या सारख्या नाहीत. कमांडची वर्णनं सहसा एजंटच्या नजरेसमोर सतत असतात आणि त्यांचा भार प्रत्येक संभाषणावर पडतो. एमसीपीतला रिसोर्स (वाचायला ठेवलेला मजकूर) म्हणून ठेवलेली मार्गदर्शिका एजंटला कधी द्यायची हे त्याला चालवणारं ॲप्लिकेशन ठरवतं, म्हणजे ती वाचली जाईलच याची हमी नाही. सर्व्हर सुरू होताना पाठवता येणारा ‘इन्स्ट्रक्शन्स’ हा भाग आहे, पण तोही सगळेच क्लायंट वापरतील असं धरून चालू नका. म्हणून ज्या वाक्यावाचून काम बिघडतं ते कमांडच्या वर्णनातच, बाकीचं मार्गदर्शिकेत. प्रोजेक्टच्या मुळाशी एजंटसाठीच्या सूचनांची एजंट्स डॉट एमडी ही फाइल ठेवत असाल तर फाइल कोण लिहितो हा नियम तिथेही पुन्हा लिहा. एवढी पुनरुक्ती खुशाल करावी.

चाळीस कमांडची वर्णनं या पद्धतीने लिहायला बसलात की काही जोड्या अशा निघतील की त्यांतला फरक वाक्यात मांडताच येत नाही. कधी ‘अपडेट_नोड’ वापरायची आणि कधी ‘सेट_प्रॉपर्टी’, हे लिहिताना तुमचीच लेखणी अडखळली तर त्या दोन्हींची एक कमांड करा. लिहिणं हे इथे टूलच्या रचनेची परीक्षा घेतं, आणि मला तरी कमांड कमी करण्याचा याहून चांगला मार्ग सापडलेला नाही.

परत न फिरवता येणाऱ्या कामांबद्दल मोघम लिहू नका. गोडो ४ मध्ये एडिटरच्या अनडू-रीडू मॅनेजरमधून गेलेला बदल मागे घेता येतो, बाकीचा नाही; तेव्हा प्रत्येक कमांडपुढे ती कुठल्या गटातली हे लिहा. एमसीपीमध्ये ‘फक्त वाचते’, ‘नुकसान करू शकते’, ‘पुन्हा चालवली तरी परिणाम तोच’ अशा खुणा कमांडला लावता येतात. त्या लावाच, पण त्या फक्त सूचना आहेत, कुलूप नव्हे. फाइल पुसणारी कमांड खरंच थांबवायची असेल तर ते कोडमध्येच थांबवा. मनाला येईल तो कोड चालवून देणारी कमांड तुमच्याकडे असेल, आणि अशा टूलमध्ये ती असतेच, तर तिच्या वर्णनात दुसरी कुठली कमांड पुरत नसेल तेव्हाच ती वापरायची हे लिहा. शिवाय बाहेरून आणलेल्या ॲसेटसोबतच्या फाइलींमध्ये, कॉमेंटमध्ये, अगदी नोडच्या नावातसुद्धा कोणी एजंटला उद्देशून सूचना पेरून ठेवू शकतं. प्रोजेक्टमधून वाचलेला मजकूर हा माहिती म्हणून वाचायचा, आज्ञा म्हणून नाही, हे मार्गदर्शिकेत सांगा. आणि मार्गदर्शिकेवर विसंबून न राहता सर्व्हर त्याच संगणकापुरता बांधून ठेवा.

लिहिलेलं चालतं का हे बघण्यासाठी रिकामा प्रोजेक्ट, कोरं संभाषण आणि एक ठरलेलं काम घ्या. शेवटचा निकाल बघून थांबू नका, एजंटच्या पावलांची नोंद पहिल्यापासून वाचा. एकाच कमांडनंतर तो दर वेळी गेट_सीन_ट्री चालवून बघत असेल तर त्या कमांडच्या उत्तरात काहीतरी कमी आहे. टूलचा सोर्स कोड उघडून वाचायला लागला तर वर्णन अपुरं आहे. एखादा नियम तो दर वेळी मोडत असेल तर नियमाला कारण जोडा किंवा ती गोष्ट टूलमध्येच अशक्य करा. तोच नियम ठळक अक्षरांत परत लिहून उपयोग होत नाही. उलटी चाचणीही करा: एक वाक्य काढून टाका, तीच कामं परत द्या, काहीच बिघडलं नाही तर ते वाक्य काढलेलंच बरं. मार्गदर्शिकेतली उदाहरणं मात्र माणसाच्या भरवशावर ठेवू नका. सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) प्रत्येक उदाहरण इंजिनाच्या त्या आवृत्तीवर खरोखर चालवा आणि लिहिलेले आकडे येतात का ते तपासा. फिक्स्ड-एफपीएस हा पर्याय लावला की मशीन हळू असलं तरी दर फ्रेमचा वेळ सारखा धरला जातो आणि तुलना करणं सोपं होतं.

माणसांसाठीचं रीडमी काढून टाकायची गरज नाही. कमांडचा संदर्भ भाग दोन्हीकडे एकाच स्कीमामधून तयार होऊ दे, म्हणजे पॅरामीटर बदलला की दोन जागी हात लावावा लागणार नाही. सुरुवात डिस्कवर लिहिणाऱ्या कमांडपासून करा: सेव्ह_सीन, सीन तयार करणं, फाइल हलवणं, पुसणं. त्यानंतर मेमरीत बदल करणाऱ्या, मग गेम रन करणाऱ्या आणि थांबवणाऱ्या. नुसत्या वाचणाऱ्या कमांड शेवटी घ्या. त्यांतल्या बहुतेकींना एक ओळ पुरते.